घळीत पाहिलेला पोरगा

पोरगा पाहायचा तर लोक घरी बोलावतात. चहा, पोहे, सगळं गोड गोड. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. यवतमाळच्या बाजारात कापूस खरेदीचं काम करतो मी. गाडीतला वरचा कापूस कोणीही कोरडाच ठेवतो, म्हणून मी कोपरापर्यंत हात खुपसून खालचा काढून पाहतो. मग एकुलत्या एका पोरीच्या बाबतीत नुसतं वरवर पाहून हो म्हणू? छ्या!

पोट्टा तिनंच पसंत केलेला. बोरी अरब गावचा, तिच्याच कॉलेजात नोकरीला. घरी एकदा येऊन गेला तेव्हापासूनच मला वाटत होतं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. माझी बायको त्याच्या उजवीकडे बसली होती, तिच्याशी नीट बोलला. मी डावीकडून काही विचारलं की नुसता हसायचा. बायको म्हणाली, लाजाळू आहे. मी म्हटलं, लाजाळू कसला, घमेंडी आहे, नाहीतर काहीतरी दडवतोय. दोघं सुटीत जंगल-दऱ्या पायी फिरतात हे कळल्यावर मी सांगून टाकलं की यावेळी मीही येणार, आणि हो की नाही ते तिथून आल्यावरच सांगणार. पोरीचं तोंड उतरलं. तेही मी बरोबर टिपलं.

पांढरकवड्याहून आत जंगलात एक घळ आहे. नाल्यानं काळा खडक कापत कापत केलेली, वरून पाहिलं तर तळ दिसू नये अशी. वाटाड्या जवळच्याच कोलाम आदिवासींच्या वस्तीतला होता. उतरण्याआधी त्यानं बजावलं, खाली हाका मारायच्या नाहीत आणि वाघाचं नाव घ्यायचं नाही, म्हणायचंच तर ‘मोठा’ म्हणायचं. आमच्याकडे जंगलात सगळे असंच बोलतात, त्यामुळे त्यात मला नवल वाटलं नाही.

वाट चिंचोळी. पुढे वाटाड्या, मागे तो, त्याच्यामागे पोरगी आणि शेवटी मी, डोळ्यांत तेल घालून. पाहतो तर काय, पोरीच्या मुठीत खडे! मधूनच एखादा खडा ती त्याच्या पायापुढे टाकायची. तो वळायचा, ही हातानं काहीतरी दाखवायची, तो मान डोलवायचा. बापाच्या डोळ्यांदेखत खुणा चालल्यात! वाट जरा रुंद झाली की ही लगेच त्याच्या उजव्या हाताला जायची. शेवटी मीच तिला मागे सारून त्याच्या डाव्या बाजूला गेलो आणि हळू आवाजात विचारलं, लग्नानंतर राहणार कुठं? त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भैताड समजतो काय मला? तिथंच मनात पक्कं केलं की नाही म्हणायचं, आणि मागे सरलो.

पुढच्या वळणावर वरच्या झाडातलं वानर खोकलं. खक्, खक्. वानर असं खोकलं की जंगलात माणूस जागच्या जागी थांबतो. वाटाड्या थांबला, पोरगी थांबली, मीही थांबलो. हा मात्र खाली दगड पाहत चाललेला. वाटाड्याला डाव्या अंगानं ओलांडून पुढे निघाला. वाटाड्यानं हात टाकला, तो हुकला. ओरडायची तर सोय नव्हती. तेवढ्यात पोरीचा खडा त्याच्या पायापुढे पडला आणि तो गपकन थांबला. समोरच्या बोरीच्या जाळीतून मोठा उठला. आमच्याकडे एकदा पाहिलं आणि नाला ओलांडून पलीकडे निघून गेला.

मोठा दिसेनासा झाल्यावर मी पोरीला विचारलं, “त्याले ऐकू येत नाही?”

तिनं मान डोलवून सांगितलं. लहानपणच्या तापात डावा कान पार गेला. उजव्यानं अगदी जवळचं तेवढं ऐकू येतं, मशीन लावली की सगळं. घरी आला त्या दिवशी ती तिनंच काढायला लावली होती. आजही काढायला लावली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली. तो नको म्हणत होता.

“काहून? इथं जीव गेला असता त्याचा.”

“त्याले तं पहिल्याच दिवशी तुम्हाले सांगायचं होतं. म्याच अडवलं.” ती रडत होती, पण नजर माझ्यावरून हटवली नाही. “बाबा, तुम्ही मशीन पाह्यली असती, पोरगा पाह्यलाच नसता.”

खोटं काय होतं त्यात? मी तेच केलं असतं. साऱ्या वाटेनं मी त्याच्यावर वहीम घेत होतो आणि माझी लेक माझ्यावर. ज्या जंगलात कानाशिवाय पाऊल टाकू नये, तिथं तिनं त्याला तसंच आणलं. तिला वाघापेक्षा बापाची भीती जास्त होती. लय वाईट वाटलं. असं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

तो आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत उभा होता. आपलं काय ठरतंय, हे त्याला कळत नव्हतं.

“मशीन दे त्याले,” मी म्हटलं. “मी हो म्हणतो, ते त्याच्याही कानावर पडू दे.”