तक्रार आमच्या ढोलांची होती

ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या हॉलमध्ये शनिवारी आफ्रिकन ढोल वाजायचे आणि रविवारी आमचं ढोल-ताशा पथक. शनिवारचा गट ज्यांनी उभा केला, ते म्हातारे घानाचे. तरुणपणी अक्राच्या हॉटेलांत जॅझ बँडमध्ये वाजवलं, मग लंडन, मग ऑकलंड. इथे लोक त्यांना ‘जरा रंगत यावी’ म्हणून बोलवायचे. पोस्टरवर गायिकेचं नाव, यांचं नाही. शेवटी त्यांनी स्वतःचा गट काढला. त्यात नर्सेस, बसड्रायव्हर, एक निवृत्त शिक्षिका. मी पथकात ढोल वाजवायचे, पण शनिवारी त्यांचं ऐकायला जाऊन बसायचे.

मग शेजाऱ्यांची तक्रार आली : महिनाभर ढोलांनी डोकं उठवलंय. मॅनेजरबाईंनी दोन्ही गटांना बोलावलं. एकच गट राहील, म्हणाल्या. आमचं पथक चालवणारे काका लगेच बोलले, “आमचं धार्मिक आहे. आवाज त्यांचा.”

धडधडीत खोटं. महिनाभर त्यांचे ढोल कापडाखाली झाकलेले होते. म्हाताऱ्यांचा भाऊ गावी वारला होता, आणि त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे सुतकात ढोलाला हात लावत नाहीत. सगळा गट मांडीवर थाप देत, तोंडाने बोल म्हणत शिकत होता.

म्हातारे माझ्या शेजारीच बसले होते. मी कुजबुजले, “सांगा ना त्यांना!”

“मेलेल्या भावाला साक्षीला उभं करू?”

मग मीच उठले आणि सगळं सांगितलं.

काका मराठीत पुटपुटले, “अगं, तू आपल्यातली ना? ती रेसिझमविरोधी पत्रकं वाटून वाटून डोकं फिरलंय तुझं.”

“आपल्यातली आहे म्हणूनच बोलतेय. सुतक तुम्हाला माहीत नाही, काका?”

गोरा आपल्याला वाकडं बोलला की आपण रेसिझम म्हणून गळा काढतो. आणि इथे एका काळ्या माणसावर बिनदिक्कत ढकलून मोकळे!

हॉल त्यांच्याकडे राहिला, आमचा रविवार गेला. पार्किंगमध्ये म्हाताऱ्यांनी माझे आभार मानले नाहीत. “खरं बोलण्याचे आभार मानायची वेळ येऊ नये,” एवढंच म्हणाले आणि गाडीत बसले. मला ते लागलं. बरोबरच होतं.

परवा काकांचा फोन. “झालं समाधान? आता गणपतीत वाजवायचं कुठे?”

“आधी त्यांची माफी मागा. मग जागा शोधायला मी येते.”

फोन कट. गणपती जवळ आलेत. माफी अजून मागितलेली नाही.