झाकलेली रोपं

रायपूरच्या समता कॉलनीत राहायला आले त्या आठवड्यात कुमुदकाकू मला पहिल्यांदा दिसल्या, त्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर. जमिनीला तळहात लावून बसल्या होत्या. मी कुंपणापाशी थबकले, तर म्हणाल्या, "उभी काहून राहिली वं? चादरीचं ते टोक धर." नावगाव नंतर विचारलं.

प्लॉट त्यांचाच. यजमान रेल्वेत होते, ते वारले, मुलगा बंगळुरूला. उन्हाळी काकडी आणि दोडके काकू लवकर लावत, आणि थंडी गेली असं वाटत असतानाच उत्तरेचं वारं परत फिरे. रायपुरात दंव गोठण्याइतकी थंडी क्वचितच पडते, पण नुसत्या गारठ्यानेही कोवळं पान काळं पडतं. म्हणून ऊन असतानाच वाफ्याला पाणी द्यायचं, बांबूच्या कमानींवर जुनी लुगडी पसरायची. "कापड पानाले टेकू देऊ नको. टेकलं का तेवढंच जळते." सकाळी ऊन चढलं की कुंपणावरून हाक येई, "उठव वं पोट्ट्यायले!" पोट्टे म्हणजे रोपं.

ऑफिसात माझा सगळा दिवस हिंदीत जाई. काकूंजवळची संध्याकाळ तेवढी मराठी. "हा वाफा तुह्याच नावाचा," असं त्यांनी सांगितल्यावर मी जवळच्या अभनपूरहून हौसेनं बी आणलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत गारठा असाच उशिरा परतला. माझ्या वाफ्याला कापड कमी पडलं, तेव्हा काकूंनी अंगावरची शाल काढून दिली. "लेकरं वाचली पाह्यजे."

सकाळी रोपं उघडायला गेले, तर प्लॉटवर जेसीबी. अर्धे वाफे उलथून पडलेले. मुकादम म्हणाला, "दीदी, हटिए. प्लॉट तो दिवाली में ही बिक गया."

काकू पलीकडे त्यांच्या घराच्या दारात उभ्या होत्या, मागे बांधलेली खोकी.

"तुम्हाला काल माहीत होतं?"

"हव. पोराकडं चालली मी, कायमची."

"मग माझ्याकडून झाकून कशाला घेतलंत?"

त्या माझ्याकडे बघेनात. "सांगितलं असतं तर तू आली नसती. मले एकटीनं बसवत नव्हतं तिथं."

दिवाळीपासून रोज आम्ही शेजारी बसून माती भुसभुशीत केली होती. मी घरी आले. दुपारी त्यांची गाडी निघाली, तेव्हाही बाहेर गेले नाही.

आता मी गच्चीवर काकडी लावते, त्यांच्याच पद्धतीनं झाकते. कधीमधी त्यांचा फोन येतो. "काय लावलं वं औंदा?"

"काही नाही काकू," मी म्हणते.