टेंभूरवाडीची सैपाकीण

चहा हातात असन तं पहिले कप खाली ठेवा बरं! मागच्या खेपेले हा किस्सा सांगितला, तं आमच्या साळ्यानं हसता हसता सगळा चहा माझ्याच शर्टावर सांडला. ह्या किश्श्यात अशी फजिती झाली भाऊ माझी, का आमच्या राजुऱ्यात अजूनही लोकं मले पाह्यलं का मुद्दाम विचारतेत, "काय मंग, वहिनी जेवल्या का?"

आता पहिल्यापासून ऐका. मी अन् आमची सुषमा, म्हणजे माझी बायको, आमी दोघं मिळून कंप्युटरवर एक गेम बनवून राह्यलो. गाव वसवाचा गेम. मोहाच्या झाडाच्या ढोलीत राह्यणारे, टीचभर उंचीचे, शेपटीवाले बुटके! खेळणाऱ्यानं त्याईचं गाव उभं कराचं. गावाचं नाव टेंभूरवाडी. कोड माझा, चित्रं सुषमाची.

अन् काय चित्रं काढते राव ती! कोणता बुटका शेपटीवर बसन, कोणता शेपटी मांडीवर घेऊन बसन, एकासारखा दुसरा नाई. मी तं तिच्या तोंडावर सांगतो, असा हात साऱ्या जिल्ह्यात नाई. बायको हाये म्हणून नाई सांगून राह्यलो, खरंच!

पुण्याच्या एका गेम कंपनीच्या मॅडमले आमचं काम आवडलं. पण त्या म्हणाल्या, "तुमच्या गावात हिवाळाच नाही! थंडी आणा, शेकोटी आणा, चूल आणा. चालवून दाखवा, मग आपण पुढचं बोलू."

म्हणजे पाहा, हे जमलं तं सुषमाची चित्रं दुनिया पाह्यन. नाई जमलं तं तिची एवढी मेहनत आमच्याच कंप्युटरात धूळ खाऊन राह्यन.

मी म्हटलं, ह्यात कोणतं अवघड हाये? थंडी, चूल, जेवण, हे तं आपण रोजच पाह्यतो! घरी जसं होते, तसंच लिहून टाकलं. थंडी वाजली का शेकोटीजवळ बसाचं. भात शिजला का पहिले पोट्टे जेवतीन, मंग म्हातारे, मंग बाकीचे. वाटेनं कोणी चाललं असन तं त्यालेही बोलवाचं, "या, दोन घास खाऊन जा." अन् सगळ्याईचं झालं का मंग रांधणारीनं बसाचं. हा शेवटचा नियम तं मी विचारही न करता लिहिला.

गेम चालू केला. धुकं पडलं, शेकोटी पेटली, चुलीतून धूर निघाला. वा! अन् थोड्याच वेळात पडद्यावर अक्षरं आली: 'सैपाकीण मेली. कारण: भूक.'

अरे बाप्पा! भातानं काठोकाठ भरलेल्या गंजाजवळ बसून भुकेनं मेली?

मले वाटलं, भात कमी पडून राह्यला. भात वाढवला. तं त्याच्या वासानं शेजारच्या जंगलातले बुटके आले. त्याईले जेवाले बसवलं, तंवर पोट्ट्याईले पुन्हा भूक लागली. दुसरीनं पळी हातात घेतली, तेही मेली!

मंग मी सैपाकिणीची ताकद वाढवली. ते जरा उशिरा मेली, एवढंच. मंग वाटलं, थंडीनं मरत असन, म्हणून चूल मोठी केली. तं सारं गावच चुलीपाशी शेकाले येऊन बसलं! बसलं ते बसलं, समोर भात दिसला का पुन्हा जेवलं. अन् वर कोपऱ्यात झळकून राह्यलं: 'गाव खुशीत हाये.'

अशात मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. सुषमा बाजूले बसली. मी देवाचं नाव घेऊन गेम लावला. मॅडम खूश! "धूर काय सुंदर काढलाय! ही शेकोटीजवळची म्हातारी तर..." अन् तेवढ्यात सैपाकीण आडवी.

"अहो, ही का मेली?"

आता इथी गुपचूप 'माहीत नाई' म्हणाचं का नाई? पण आमची जीभ राह्यन तवा ना! म्हटलं, "मॅडम, ते मुद्दामच ठेवलं हाये. हिवाळ्यात साथ येते ना गावात!"

"अच्छा. आणि ही साथ फक्त स्वयंपाक करणाऱ्यांनाच होते?"

"हो ना. धूर लागते ना त्याईले!"

"पण इथे तर कारण भूक लिहिलंय."

मी पाणी प्यालो. दुसरं काय करन माणूस?

सुषमा म्हणाली, "अजी, तो जेवणाचा नियम दाखवा बरं मले." मी दाखवला. तिनं वाचला, अन् जे हसत सुटली, जे हसत सुटली, का डोळ्यातून पाणी आलं तिच्या.

"मॅडम, हे साथ नाई. हे आमचं घर हाये!"

मॅडमही एवढ्या हसल्या का त्याईचा फोनच पडला. उचलून म्हणाल्या, "आमच्याकडेही हीच साथ आहे हो!"

सुषमानं मले सांगितलं, "तिले पहिले खाऊ द्या. पळी तिच्या हातात हाये, तिनं कोणाची वाट पाहाची काऊन?"

मी तिथीच एक ओळ बदलली. सैपाकीण खाली बसली, शेपटी ताटाभोवती गुंडाळली अन् मजेत जेवाले लागली. सारी टेंभूरवाडी हिवाळ्यातून निभली! ते जेवतानाचं चित्र सुषमानं कधीचं काढून ठेवलं होतं. माझ्या नियमापायी ते पडद्यावर कधी आलंच नव्हतं. मले लय वाईट वाटलं, अन् तिचं कौतुकही तेवढंच वाटलं.

मॅडमनं गेम घेतला भाऊ!

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या जोशात कंबर कसली. "आज मी रांधतो, अन् पहिले तू जेवाचं!" लाखोरीची डाळ केली, भात केला, तिले पाटावर बसवून वाढलं. तिनं पहिला घास घेतला. चावला. थांबली. गटागटा लोटाभर पाणी प्याली.

"कशी झाली?"

"अजी, गेममधला तो नवा नियम बदलू नोका बरं. रांधणाऱ्यानंच पहिले खाल्लं पाह्यजे."

माझी छाती फुगली. "पटला ना तुले?"

"हो ना," ताट माझ्याकडं सरकवत ते म्हणाली, "म्हणजे बाकीचं गाव तरी वाचन!"