ऐतवारचे पाय

"पाय आन हिकडं."

कोणी भेटलं की आपण आधी तोंडाकडे बघतो. हे गृहस्थ पायांकडे बघायचे. तुम्ही नमस्कार करावा, बरे आहात ना म्हणून विचारावं, आणि यांची नजर तुमच्या चपलेवर. टाच एका बाजूनं झिजलेली दिसली की तुमची सुटका नव्हती. कोटाच्या एका खिशातून काशाची वाटी निघायची, दुसऱ्यातून खोबरेलाची बाटली, आणि मग तो हुकूम.

तुमच्याही आठवणीत असं एखादं माणूस असेल. नात्याचं ना गोत्याचं, पण आपल्या अंगाची काळजी आपल्याआधी करणारं. आमच्या लालबागेत ते हे होते. सगळे त्यांना वाटीवाले काका म्हणत. राहायला नायगावच्या सरकारी चाळीत. गिरणीच्या रिंगखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, त्यांची सगळी उमेदीची वर्षं गेली होती. तिथं माणूस दिवसभर यंत्रांच्या रांगांमधून चालत असतो. त्या चालण्यानं त्यांच्या पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. त्यांची बायको दर रविवारी त्यांचे पाय चोळून द्यायची. "माझी नोकरी तिनं टिकवली," असं ते सांगत. पुढं ती गेली, नोकरीही संपली, घरात वाटी राहिली. मग त्यांनी ती वाटी घेऊन लोकांचे पाय धरायला सुरुवात केली.

रविवारी दुपारी मसाला कांडणाऱ्याचं दुकान बंद असे. त्याच्या फळीवर त्यांचं बस्तान. तळपायाला तेल लावायचं, वाटीच्या बुडानं टाचेपासून बोटांपर्यंत घासत जायचं, मग पोटरी दोन्ही हातांनी खालून वर दाबत न्यायची. फळीच्या भेगांत मिरचीची पूड बसलेली, त्यामुळे मालीश करून घेणारा आणि करणारा दोघंही शिंकत असायचे. वाटीचं बूड काळंभोर झालं की काका ते समोर धरत आणि म्हणत, "बघ, किती उष्णता हुती." काळं कशानं होतं ते देव जाणे, पण त्या रात्री झोप अशी लागायची की सकाळचा गिरणीचा भोंगा ऐकू येत नसे.

पैसे घ्यायचे नाहीत. एकच अट. "दुखू दे न्हाय तर न दुखू दे, ऐतवारी पाय आणायचा." लोकांना ही अट जड जायची. दुखणं गेलं की माणूस तेलाची बाटली विसरतो. विसरणारा महिन्याभरानं लंगडत परत आला की काका त्याला बोलत नसत, नुसते सरकून जागा करून देत. त्याचीच त्याला जास्त लाज वाटे.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आज सभा, उद्या हरताळ, परवा मोर्चा. लालबाग-परळची माणसं पायी कोटात, म्हणजे फोर्टात, जायची आणि पायीच परत यायची. काकांना तेवढं चालवत नव्हतं. मोर्चाच्या दिवशी मात्र वार कुठलाही असो, ते वाटी घेऊन फळीवर हजर. घसा बसलेली, धुळीनं भरलेली माणसं रांगेनं त्यांच्यापुढं पाय सोडून बसायची.

अडचण एकच यायची. वयानं मोठ्या माणसानं आपल्या पायाला हात लावायचा म्हणजे काय? पहिल्यांदा आलेला माणूस पाय मागे ओढायचा आणि उलट त्यांच्याच पायावर डोकं ठेवायचा. काका वैतागत. "पाया पडायला न्हाई बोलावलं तुला. बस गप." मग तो बसायचा, आणि दोन मिनिटांत त्याचे डोळे मिटायचे.

माझे बाबा बसले नाहीत.

बाबा साचाखात्यात होते, विणकर. सबंध पाळी दोन साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, मध्ये उभं राहायचं काम. त्या वर्षी त्यांचे पाय सुजायला लागले. संध्याकाळी घरी आले की जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी चढत. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्यांच्या साच्यावर बदली कामगार आणून उभा करू लागला. आई गावच्या घराच्या कौलांबद्दल बोलायला लागली, तेव्हा मला कळायचं ते कळलं. मी मॅट्रिकला होते. बाबांचे पाय गेले की नोकरी जाणार, नोकरी गेली की खोली सोडून कोकणात, आणि आमच्या गावात मुलींनी सातवीपुढं शिकायची सोय नव्हती.

फळीसमोरून जाताना काकांनी बाबांना हाक मारली होती. बाबांनी हात जोडले. "नको काकांनू. तुमी वडील माणूस. माका पाप लागात." असं तर सगळेच म्हणत, पण सगळे नंतर बसत. बाबा पुढं निघून गेले. काकांनीही दुसऱ्यांदा हाक मारली नाही. काका नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते, आणि त्याआधी त्यांच्या घराला आमच्या गावात कुठं जागा मिळाली असती हे बाबांनाही ठाऊक होतं, काकांनाही. मोर्चात दोघं खांद्याला खांदा लावून चालले असते. पायाला हात लावण्याची गोष्ट वेगळी होती.

मग एका रविवारी सकाळी बाबांना अंथरुणातून उठता येईना. आई थोडा वेळ दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "जा, काकांका बोलवून हाड." माझी आई सोवळ्याओवळ्याची फार. पण तिनं बोलवायला सांगितलं, आणि तिचा आवाज अगदी साधा होता. मी धावतच नायगावला गेले.

काका तीन जिने चढून आले. धापा टाकत दारापाशी बसले. बाबांनी पाय गोधडीखाली ओढून घेतले आणि पुन्हा तेच, तुम्ही मोठे, मला पाप लागेल. गॅलरीतल्या बाया कामं सोडून बघत होत्या. काकांनी वाद घातला नाही. स्वतःचा पाय लांब केला आणि बाबांसमोर ठेवला.

"मग आधी तू माझा चोळ. म्हंजे फिटलं."

भेगा पडलेली टाच, वर आलेल्या शिरा. बाबा त्या पायाकडे बघत बसले. माझी शाळा त्या क्षणी त्या पायावर होती. मग आई आतून तेलाची वाटी घेऊन आली आणि तिनं बाबांच्या तळहातावर तेल ओतलं. तेल ओघळायला लागलं. बाबांनी ते काकांच्या पायाला लावलं.

सुरुवातीला बाबा नुसतं कुरवाळत होते. काका म्हणाले, जोर लाव, दोन साचे चालवणारा गडी तू. बाबांनी जोर लावला. थोड्या वेळानं काका सहज गप्पा माराव्यात तसं बोलले. म्हणाले, साचाखात्यात आम्हांला कधी घेतलं नाही. नवी कांडी भरली की धोट्यातनं सूत तोंडानं ओढून काढावं लागतं ना, मग आमच्या तोंडाचा धोटा तुम्ही लोक कसा घेणार. रिंगखात्यातून तुमच्या खात्याचा आवाज ऐकू यायचा फक्त. आणि मग त्यांनी विचारलं, "कसं लागतं रं ते सूत?"

बाबांचा हात थांबला.

"कायच नाय," ते म्हणाले. "कांजी लागता नुसती."

काका हसले. एवढंच होय, म्हणाले. मग त्यांनी बाबांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, आणि बाबांनी तो घेऊ दिला.

एका मालिशीनं चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. झाला नाही. पण काका दर रविवारी येत राहिले. रात्री पाय भिंतीला वर टेकवून निजायचं, मधल्या सुट्टीत उभं न राहता बसायचं, हेही त्यांनीच लावलं. सूज हळूहळू उतरली. पुढं कधी ठणकले तरी बाबांचे पाय साच्यापुढं उभे राहिले, आणि मी मॅट्रिक झाले. गावच्या मुंबईतल्या मंडळाच्या खोलीत कोणी तरी बाबांना टोचून बोललं, कुणाचे पाय चोळतोस म्हणून. बाबा एवढंच म्हणाले, "साच्यासमोर माझे पाय उभे रवतत. तुमचे नाय." तो विषय तिथंच मिटला.

महाराष्ट्र राज्य झालं तो दिवस रविवारच होता. खाली रस्त्यावर गुलाल, लेझीम, ढोल, माणसांना पाय ठेवायला जागा नाही. मला वाटलं, आज काही काका येत नाहीत. ते त्या गर्दीतून वाट काढत आले, टोपीवर गुलाल घेऊन. गॅलरीत दोघं समोरासमोर बसले, आधी बाबांनी काकांचे पाय चोळले, मग काकांनी बाबांचे, आणि दोघंही कठड्याच्या फटीतून खालची मिरवणूक बघत होते. बाबांचे डोळे भरून आले होते. काका म्हणाले, राज्य आलं ते चांगलं झालं, आता दुसरा पाय दे.

पुढं काका मुलीकडं वडाळ्याला राहायला गेले. त्यांना जिने चढवेनात. तेव्हा बाबा दर रविवारी लालबागहून वडाळ्याला जाऊ लागले, चालत. बस मिळायची, पण म्हणायचे, ज्यांनी पाय दिले त्यांच्याकडं पायांनीच जातो. मी तोवर शाळेत शिक्षिका झाले होते. फळ्यासमोर उभं राहून राहून माझ्याही पोटऱ्या भरून यायच्या, पण सांगणार कोणाला?

एका रविवारी बाबा उशिरा परतले. कपड्यांना उदबत्तीचा वास येत होता. ते पोचले तेव्हा काकांना खाली ठेवलेलं होतं, बुद्धवंदना चालू होती. बाबांनी काकांच्या मुलीकडं तेल मागितलं. तिनं वाटीही आणून दिली. बाबा काकांच्या पायाशी बसले आणि नेहमीसारखे त्यांचे पाय चोळले, टाचेपासून बोटांपर्यंत, मग पोटरी खालून वर. त्यांना कोणी अडवलं नाही. निघताना त्या मुलीनं ती वाटी त्यांच्या हातात ठेवली.

हे त्यांनी आईला आणि मला थांबत थांबत सांगितलं. मग वाटीकडे बघत म्हणाले, "आज फिटलां नाय."

दिवेलागण झाली. बाबा उठले, तेलाची बाटली घेतली आणि गॅलरीत आपल्या रविवारच्या जागी जाऊन बसले. समोरची जागा रिकामी होती. मला वाटलं, आता मी त्यांचे पाय चोळावेत. मी जाऊन समोर बसले, हात पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला. ते माझ्या टाचांकडे बघत होते.

मी पाय साडीखाली ओढून घेतले. म्हटलं, बाबा, तुम्ही मोठे, मला पाप लागेल.

त्यांनी तळहातावर तेल घेतलं.

"पाय हाड हय," ते म्हणाले.