अण्णांनी माझ्या सर्व्हरचा पट्टा उतरवला

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहून राह्यलो.

बंद पडलेल्या टायपिंग सेंटरमधला जुना कम्प्युटर मी दोन महिने खपून जिवंत केला. त्यावर लिनक्स टाकलं आणि घरचा सर्व्हर बनवला. ताईच्या लग्नाचे सगळे फोटो त्यातच. लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टरही जोडला. घरात एकच ताकीद होती, हा बंद करायचा न्हाई.

आज खंडेनवमी. माझ्या वडलांची, म्हणजे अण्णांची, मंठ्यात पिठाची गिरणी आहे. या दिवशी ते गिरणीचा पट्टा उतरवतात, मशीन पुसून पूजा करतात. आज गिरणीची पूजा आटोपून ते माझ्या खोलीत शिरले.

मी अंघोळ करून आलो तर सर्व्हरचं झाकण उघडं. हार्डडिस्कची चपटी केबल चालू मशीनमधून ओढून, घडी घालून बाजूला ठेवलेली. आत सगळीकडे कुंकू, पंख्यात झेंडूच्या पाकळ्या.

"अण्णा, चालू मशीनला कुणी हात लावतं का?" मी ओरडलोच.

"तूच म्हणाल्ता, ही माझी गिरणी. मंग आज पट्टा उतरवायचा न्हाई? रात्रंदिवस जुंपून ठेवतो, एक दिवस इसावा बी न्हाई?"

केबल परत लावली. डिस्क नुसती टकटक करतेय, एक फोटो उघडत न्हाई.

अण्णा म्हणतात, उद्या दसऱ्याला नारळ फोडून चालू कर, माझी गिरणी दरवर्षी होते.

उद्या ताई सोनं द्यायला येतेय. फोटो भरून घ्यायला कोऱ्या सीड्या आण, असं मीच तिला सांगितलंय.

माझा राग अजून गेला न्हाई. पण तुम्हीच सांगा, ताईला काय सांगू? अण्णांनी पूजा केली, का मी दुसरी कॉपीच ठेवली न्हाई?