टिंब पुसलं तेव्हा

बहादरपूरच्या रस्त्यावर आज केळीवरच्या फवारणीचा उग्र वास आला. तिथल्याच फवारणाऱ्यांना नळीत फुंकायला लावून आम्ही संशोधनासाठी त्यांच्या श्वासाचा जोर मोजला होता. सहसंबंध काढला, तर फवारणीची वर्षं जितकी जास्त तितका श्वास कमी. पडद्यावर माणसागणिक एक अशा टिंबांची रांग सरळ खाली उतरत होती. फवारणीचं औषध बनवणाऱ्या कंपनीकडून पैसे घेणारे आमचे सर समोसा खात म्हणाले, "ये नीचेवाले हटा दे. तेच सगळं बिघडवतायत." सगळ्यात खालचं टिंब म्हणजे एक काका होते. नळीत फुंकताना खोकून खोकून खाली बसले, तरी "परत फुंकू का, बेटा?" विचारत होते. मी हात मागे घेतला. सरांनी तेलकट बोटानं स्वतःच पुसायचं बटण दाबलं. "अब देख, काही संबंधच नाही," म्हणाले आणि बोट चाटलं. फवारणीचा वास आला की मला अजून ते बोट दिसतं.