एफ-फाइव्ह, विमान आणि आप्पांच्या साड्या

आमच्या घरात लॅपटॉप दुरुस्त करण्याचं काम माझ्याकडे आहे, म्हणून तो कायम बिघडलेला असतो.

मी उचगावच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि राहतो शहापुरात. लॅपटॉपबरोबर जी प्रणाली आली होती ती पुसून मी स्वतः लिनक्स घातलं, आणि तेव्हापासून स्टाफरूममध्ये जरा वेगळ्याच चालीनं चालतो. घरी मात्र या पराक्रमाची दखल कुणी घेतली नव्हती.

यंदा ती संधी आली. माझे सासरे, आप्पा, अजून हातमागावर साड्या विणतात. बेंगळुरूच्या एका प्रदर्शनात त्यांना स्टॉल मिळावा म्हणून माझ्या बायकोनं, सुनंदानं, अर्ज केला होता. रविवारी सकाळी अकरा वाजता निवड समितीच्या मॅडम व्हिडिओ कॉलवर साड्या बघणार होत्या. आप्पांनी जन्मात कुणाकडे काही मागितलेलं नाही. "मिळालं तर बरं हुईल गं," एवढंच ते म्हणाले. पण गुरुवारपासून रोज दाढी करायला लागले!

शनिवारी सुनंदा साड्यांची यादी करायला बसली आणि आतून हाक आली.

"अहो, एफ-टू दाबलं की अंधार पडायलाय!"

म्हणजे रकान्यातली चूक सुधारायला एफ-टू दाबावं, तर स्क्रीनचा उजेड कमी होत होता. वरच्या ओळीतल्या बटणांना दोन-दोन नोकऱ्या असतात. एक त्यांची स्वतःची, दुसरी त्यांच्यावरच्या चित्राची. कुणावर सूर्य, कुणावर कर्णा, एफ-फाइव्हवर विमान. आमच्याकडे सगळी चित्रांची नोकरी करत होती.

"दहा मिनिटांचं काम," मी म्हणालो. (दुपारचं जेवण मी पाच वाजता जेवलो.)

इंटरनेटवर एका सज्जनानं उपाय दिला होता. काळ्या पडद्यावर एक हुकूम लिहायचा, पासवर्ड द्यायचा, एका फायलीत एकाचे दोन करायचे. केले. आणि चक्क एफ-टू चाललं! "सगळी बटणं आता माझ्या हुकमात!" असं जाहीर करून मी लॅपटॉप ऐटीत बंद केला. हा बदल लॅपटॉप बंद करेपर्यंतच टिकतो, असं त्या सज्जनानं पुढच्याच ओळीत लिहिलं होतं. पण पुढची ओळ वाचायची मला सवय नाही.

रविवारी आप्पा इस्त्रीची टोपी घालून बसले. शेजारी साड्यांची चळत. मॅडम पडद्यावर आल्या, सुनंदाशी कानडीत बोलल्या, फोटो दाखवा म्हणाल्या. फोटो पडदाभर दिसायला एफ-फाइव्ह दाबायचं. मी बाह्या सरसावल्या आणि दाबलं.

मॅडमचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, आणि मग मॅडमच गेल्या. पडद्यावर अक्षरं आली : 'विमान मोड सुरू.'

"कुठलं इमान?" आप्पा दचकले. "सांबऱ्याच्या विमानतळावर उतरालंय काय?"

विमान मोड म्हणजे नेट ठार बंद. परत जोडलं. "नेट सरी इल्ल री मॅडम," मी माझ्या कानडीत त्यांच्याच नेटवर खापर फोडलं, "बेंगळूर नेट!" त्यांचं नेट उत्तम आहे, असं त्या नम्रपणे म्हणाल्या. मी पुन्हा एफ-फाइव्ह दाबलं. मॅडम पुन्हा गेल्या. तिसऱ्या वेळी मी अंगठ्यानं दाबलं (बोटाचाच दोष असावा, असा मला संशय आला होता).

चौथ्यांदा जोडल्यावर घरातल्या घरात खलबत करावं म्हणून मी फुली मारलेल्या कर्ण्याचं बटण दाबलं. खोली शांत.

"आवाज बंद केलाय. बोला बिनधास्त. तसंही त्यांना मराठी कुठलं येतंय!"

"तीनदा हाकलून दिलासा त्यांना!" सुनंदा उसळली. "आप्पांची एवढी एक आशा, आणि तुमचे प्रयोग!"

मला लागलं ते. म्हणून मी आणखी बिनडोकपणे बोललो. "त्या बाईला तरी साडीतलं काय कळतंय गं? नुसती मुंडी हलवालीय!"

आता आप्पा उठले. "फोटो कसले दाखवतायसा मास्तर? साडी हाय की समोर! उभं ऱ्हावा."

आणि मला काही कळायच्या आत त्यांनी हिरवी साडी माझ्याभोवती गुंडाळली.

"आप्पा, मला कशाला? सुनंदाला नेसवा की!"

"तिनं लॅपटॉपजवळ बसू दे. तुम्ही लांबच बरे."

पदर डोक्यावर आला. मग काठावरून हात फिरवताना आप्पा मला विसरले, कॅमेराही विसरले. "ह्यो काठ सुनंदाच्या आईनं काढला. मी चुकलो की ती उसवायला लावायची. लई कडक बाई. आता चुकलं तरी कोन सांगत न्हाय." सुनंदानं डोळे टिपले. मीही टिपले. पदर हाताशीच होता.

तेवढ्यात सुनंदाचं लक्ष पडद्याकडे गेलं. मॅडमही डोळे पुसत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. तिनं झटकन कर्ण्याचं बटण परत दाबलं.

"सर, पदर जरा डावीकडं घ्या की. काठ दिसंना झालाय."

मी पदरासकट पडद्याकडे वळलो. "मॅडम... तुम्हाला मराठी...?"

"निपाणीची हाय की मी! आणि सर, तुम्ही तुमचा स्पीकर बंद केलतासा, माईक न्हाय. मुंडीचंबी ऐकलं मी."

मी पदर तोंडावर ओढून घेतला.

त्या अंधारात मला सुनंदाचा आवाज आला. "अहो, ह्या एस्केपच्या बटणावर बारीक कुलूप काढलंय, ते कशाला?" तिनं एफएन आणि ते बटण मिळून दाबलं, तशी सगळी बटणं चित्रांची नोकरी सोडून स्वतःच्या नोकरीवर आली. मग एफ-फाइव्ह दाबलं. फोटो पडदाभर उघडले. एकूण वेळ दोन सेकंद!

आठवड्यानं ईमेल आली. आप्पांना स्टॉल मिळाला होता. मी खणखणीत आवाजात वाचून दाखवत होतो, शेवटच्या ओळीवर अडखळलो. ती सुनंदानं वाचली : 'साड्या नेसवून दाखवायच्या असल्यास कृपया मिशा नसलेली व्यक्ती आणावी.'

ईमेल निवड झालेल्या सगळ्याच विणकरांना गेली होती. अट मात्र माझ्या एकट्याच्या कर्तृत्वानं आली!